मेल गेला, नोंदणी मात्र नाही: एका जँगो ॲप्लिकेशनचं प्रकरण

कार्यशाळांची नोंदणी घेणारं एक ॲप्लिकेशन. जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कवर बांधलेलं, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि मेल पाठवायला बाहेरची एक एसएमटीपी सेवा (एसएमटीपी म्हणजे मेल पाठवण्याचा प्रोटोकॉल). माणसानं फॉर्म भरला की त्याला जागा मिळते, आसनक्रमांक ठरतो आणि 'तुमची नोंदणी पक्की झाली आहे' असा मेल जातो. मेलमध्ये प्रवेशपत्राची लिंक. यात बिघडण्यासारखं काही असेल असं रचना पाहून वाटत नाही. टेस्ट्सही, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्या, सगळ्या हिरव्या (उत्तीर्ण) होत्या.

तरी तक्रारी येत होत्या. काहींना पक्क्या नोंदणीचा मेल मिळालेला, पण लिंक उघडली की 'पान सापडलं नाही', आणि व्यवस्थापकांच्या यादीत त्यांचं नावच नाही. या तक्रारी मला सर्वांत गंभीर वाटल्या, आजही वाटतात. मेल न येणं ही गैरसोय झाली. ज्याला जागा मिळालेलीच नाही त्याला 'जागा पक्की' असं लेखी कळवलं, तर परिणामापुरती ती फसवणूकच ठरते, मग ती कुणाच्या मनात नसली तरी. माणूस त्या मेलच्या भरवशावर रजा टाकतो, प्रवास ठरवतो. सर्व्हरवरची नोंद मागे घेता येते. मेल हा सुटलेला बाण.

पहिला संशय मेलसेवेवर गेला. मेलबद्दल तक्रार आली की सगळे डीएनएसकडे, म्हणजे डोमेनच्या नोंदींकडे, धावतात, आणि त्यात वावगं काही नाही. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी या, मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्यापासून ही तपासणी आधी करण्याची सवय लागली आहे. इथे तिन्ही नोंदी ठीक होत्या. मेलसेवेच्या लॉगमध्येही प्रत्येक मेलपुढे 250 हा आकडा. 250 चा अर्थ इतकाच की समोरच्या सर्व्हरनं मेल स्वीकारला आणि पुढची जबाबदारी घेतली. माणसानं तो वाचला असा नाही. पण इथे तर माणसानं वाचलाही होता! मेल पोचण्यात काही अडचण नव्हतीच. जे घडलंच नाही त्याचा मेल निघाला कसा, हा खरा प्रश्न होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं चाललं होतं.

धागा सापडला तो नोंदणीक्रमांकात. तक्रारदारांच्या मेलमधल्या लिंकमध्ये एक क्रमांक होता. टेबलमध्ये त्याच्या अलीकडचा क्रमांक होता, पलीकडचा होता, नेमका तोच नव्हता. या ॲप्लिकेशनमध्ये नोंदी खोडण्याची सोय नाही. रद्द झालेली नोंदणीसुद्धा 'रद्द' अशी खूण घेऊन टेबलमध्ये राहते. मग क्रमांक गेला कुठे? ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसमधले एकत्र पक्के होणारे किंवा एकत्र रद्द होणारे बदल; पक्के होणं म्हणजे कमिट, रद्द होणं म्हणजे रोलबॅक. पोस्टग्रेसमध्ये क्रमांक देणारी सीक्वेन्स ट्रान्झॅक्शनच्या बाहेर चालते. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाली तरी दिलेला क्रमांक परत येत नाही, तिथे कायमची फट राहते. म्हणजे ती नोंद टेबलमध्ये लिहिली गेली होती, तिला क्रमांक मिळाला होता, त्या क्रमांकाचा मेल गेला होता, आणि नंतर ती पुसली गेली होती. असा रिकामा क्रमांक दिसला की माझं लक्ष आधी रोलबॅककडे जातं.

कोड उघडल्यावर क्रम स्पष्ट झाला. सेटिंग्जमध्ये 'ॲटॉमिक_रिक्वेस्ट्स' चालू, म्हणजे प्रत्येक व्ह्यू (विनंतीला उत्तर देणारं फंक्शन) एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलेला. व्ह्यू सुरुवातीला पुढचा रिकामा आसनक्रमांक वाचत होता, मग नोंदणीची नोंद तयार करत होता, आणि शेवटी आसनांच्या टेबलमध्ये तो क्रमांक लिहीत होता. त्या टेबलवर एका कार्यशाळेत एक क्रमांक एकदाच अशी युनिक अट. मेल पाठवण्याचं काम मात्र व्ह्यूमध्ये कुठेच दिसत नव्हतं. ते 'पोस्ट_सेव्ह' सिग्नलवर टांगलेलं होतं: नोंदणी सेव्ह झाली रे झाली की सिग्नल सुटे आणि तिथल्या तिथे 'सेंड_मेल' होई.

पोस्ट_सेव्ह म्हणजे 'सेव्ह झाल्यावर'. कमिट झाल्यावर नव्हे. नोंद लिहिली गेलेली असते, पण ट्रान्झॅक्शन उघडी असते आणि पुढच्या कुठल्याही ओळीवर ती उलटू शकते. इथे ती उलटत होती आसनाच्या ओळीवर. नोंदणी खुली होताच अनेकजण एकदम फॉर्म भरत. दोघांना एकच क्रमांक रिकामा दिसे. ज्याची ट्रान्झॅक्शन आधी कमिट होई त्याला आसन, दुसऱ्याला इंटिग्रिटी एरर (टेबलची अट मोडल्याची त्रुटी) आणि त्रुटीचं पान. त्या दुसऱ्याची नोंदणी रोलबॅक होई. मेल तेवढ्यात गेलेला असे. त्यालाही वाटे, पानावर काहीतरी चूक दाखवली खरी, पण मेल आला म्हणजे झालं असेल.

आणि या टकरी मेलच वाढवत होता. क्रमांक वाचणं आणि क्रमांक लिहिणं यांच्यामध्ये एसएमटीपीचं सगळं संभाषण बसलेलं: जोडणी, टीएलएस (कूटबद्धीकरण), लॉगिन, मजकूर, 250. एरवी क्षणभरात उरकणारं काम मेलमुळे ताणलं जाई, आणि त्या ताणलेल्या वेळात दुसऱ्या कुणीतरी तोच क्रमांक वाचलेला असे. टेस्टमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं. तिथे एका वेळी एकच विनंती, आणि मेल खऱ्या सर्व्हरकडे जातच नाही. टेस्ट चालवताना जँगो आपणहून मेलचा बॅकएंड (पाठवणारा भाग) बदलून मेल मेमरीतच ठेवणारा 'लोकमेम' लावतो; पाठवलेला प्रत्येक मेल 'मेल.आउटबॉक्स' या यादीत पडतो, तोही वेळ न लागता.

लोकमेमला कमी लेखू नये. तो संपूर्ण संदेश बांधून पाहतो, त्यामुळे विषयाच्या ओळीत चुकून नवी ओळ आली तर त्याची त्रुटी टेस्टमध्येच मिळते. विषयाच्या टेंप्लेट फाइलच्या शेवटी राहिलेली रिकामी ओळ अनेकांना अशीच सापडते. पण आउटबॉक्समध्ये मेल आहे याचा अर्थ 'ॲप्लिकेशननं पाठवायला सांगितलं' इतकाच. ते योग्य वेळी सांगितलं का, हे त्या यादीत लिहिलेलं नसतं.

पहिली दुरुस्ती आणि तिचं फळ

टीमनं आधी सिग्नल काढला आणि 'सेंड_मेल' व्ह्यूच्या शेवटच्या ओळीवर आणलं. आसनाची टक्कर आता मेलच्या आधी होई, म्हणून तक्रारी एकदम घटल्या. तरी ही दुरुस्ती अर्धीच. ॲटॉमिक_रिक्वेस्ट्समध्ये कमिट होतं ते व्ह्यूनं उत्तर परत दिल्यानंतर. शेवटची ओळसुद्धा ट्रान्झॅक्शनच्या आतच असते. पोस्टग्रेसवर जँगोनं केलेल्या फॉरेन कीच्या (एका टेबलनं दुसऱ्यातल्या नोंदीकडे बोट दाखवण्याच्या) अटी तर कमिटच्या क्षणापर्यंत पुढे ढकललेल्या असतात. तपासणीच तिथे होते. कमिट करताना डेटाबेसची जोडणी तुटली तरी तेच. हे रोज घडत नाही एवढंच.

शिवाय एक जुनी गोष्ट आता उघडी पडली. 'ईमेल_टाइमआउट' या सेटिंगची मूळ किंमत 'नन' आहे, म्हणजे जँगो आपली कालमर्यादा घालत नाही. मेलसेवा एकदा मंदावली तेव्हा प्रत्येक वेब वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रोसेस) उत्तराची वाट पाहत अडकला, प्रत्येकाच्या हातात एकेक उघडी ट्रान्झॅक्शन, आणि ज्या पानांचा मेलशी काडीचा संबंध नाही तीही उघडेनात. मेल पाठवणाऱ्या कुठल्याही जँगो प्रकल्पात मी आधी हे सेटिंग पाहते. काही सेकंदांची मर्यादा घालायला एक ओळ लागते.

यावर उपाय म्हणून मेल सेलरीच्या, म्हणजे मागे चालणारी कामं सांभाळणाऱ्या साधनाच्या, रांगेत गेला. व्ह्यू फक्त नोंदणीचा क्रमांक रांगेत टाकणार, सेलरीचा वर्कर तो क्रमांक वाचून नोंद शोधणार आणि मेल पाठवणार. खोट्या मेलच्या तक्रारी पूर्ण थांबल्या, कारण नोंद नसेल तर वर्करला पाठवायला काही मिळतच नाही. सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं. मग उलट्या तक्रारी सुरू झाल्या: नोंदणी आहे, यादीत नाव आहे, मेल नाही.

वर्करच्या लॉगमध्ये 'डझनॉटएक्झिस्ट' (नोंद अस्तित्वात नाही) अशा ओळी होत्या. वर्कर कमिटपेक्षा चपळ निघाला होता. व्ह्यूनं क्रमांक रांगेत टाकला, रिकाम्या बसलेल्या वर्करनं तो तत्काळ उचलला, डेटाबेसला विचारलं. पण व्ह्यूची ट्रान्झॅक्शन अजून कमिट व्हायची होती, म्हणून बाहेरच्यांना नोंद दिसत नव्हती. टास्क, म्हणजे रांगेतलं ते काम, अयशस्वी झाला. पुन्हा प्रयत्न करायला त्याला सांगितलेलं नव्हतं. गंमत नव्हे, पण विलक्षण गोष्ट अशी की गर्दीच्या वेळी हे कमी घडे, कारण वर्कर कामात असत. शांत वेळी जास्त घडे. आधीच्या तक्रारींच्या बरोबर उलट.

आणि टेस्ट्स? हिरव्या. टेस्टच्या सेटिंग्जमध्ये 'टास्क_ऑलवेज_ईगर' चालू होतं. ते चालू असलं की टास्क रांगेत जात नाही, जिथल्या तिथे, त्याच प्रोसेसमध्ये, त्याच ट्रान्झॅक्शनच्या आत चालतो. आपलीच अर्धवट नोंद आपल्याला दिसतेच. ज्या शर्यतीत खरं ॲप्लिकेशन हरत होतं, ती टेस्टमध्ये लावलेलीच नव्हती.

कमिटनंतरच मेल

दोन्ही प्रकारच्या तक्रारींचं मूळ एकच: मेलची आज्ञा कमिटच्या आधी दिली जात होती. जँगोत यासाठी 'ट्रान्झॅक्शन.ऑन_कमिट' आहे. त्याला एक फंक्शन द्यायचं. कमिट यशस्वी झालं तरच ते चालतं, रोलबॅक झालं तर टाकून दिलं जातं. सेलरीच्या 5.4 आवृत्तीपासून जँगोसोबत वापरताना टास्कवर थेट 'डिले_ऑन_कमिट' मिळतं, तेही हेच करतं. बदल एका ओळीचा. तो केला आणि मेलच्या सगळ्या टेस्ट्स लाल झाल्या. आउटबॉक्स रिकामा.

इथे बऱ्याच टीम चुकीच्या वाटेला लागतात, म्हणून जरा थांबते. जँगोचा 'टेस्टकेस' प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो आणि शेवटी ती रोलबॅक करतो. वेग त्यातूनच येतो. बाहेरची ट्रान्झॅक्शन कधीच कमिट होत नाही, म्हणून ऑन_कमिटमध्ये ठेवलेलं फंक्शनही कधीच चालत नाही. लाल टेस्ट्स खरं तेच सांगत होत्या: कमिट झालं नाही, मेल गेला नाही. पण लाल रंग पाहून पहिली सूचना आली ती 'टेस्ट चालू असेल तर थेट पाठवा' अशी अट कोडमध्ये घालण्याची. तसं केलं असतं तर जे दोष शोधायला इतका खटाटोप केला, तेच टेस्टच्या नजरेआड परत बंद करून ठेवले असते. मी ती अट जाऊ दिली नाही. हट्ट धरावा तर अशाच जागी.

योग्य साधन जँगोतच आहे. 3.2 आवृत्तीपासून टेस्टकेसमध्ये 'कॅप्चरऑनकमिटकॉलबॅक्स' मिळतं. 'विथ' ब्लॉकमध्ये विनंती करायची; त्या दरम्यान ऑन_कमिटला दिलेली फंक्शन्स ते गोळा करतं, आणि 'एक्झिक्यूट=ट्रू' दिलं असेल तर ब्लॉक संपताना चालवतं. टीमनं यातून जी टेस्ट लिहिली ती मला फार आवडली. ब्लॉकच्या आत, फॉर्म पाठवल्यानंतर, पहिली खातरजमा: आउटबॉक्स रिकामा आहे. ब्लॉकच्या बाहेर दुसरी: आउटबॉक्समध्ये एक मेल आहे. मेल कमिटची वाट पाहतो, हे या दोन ओळींतून सिद्ध होतं. उद्या कुणी ऑन_कमिट काढून टाकलं तर पहिली ओळ लगेच लाल होईल.

तिच्या जोडीला रोलबॅकची टेस्ट. आसन देणाऱ्या फंक्शनच्या जागी मॉक (नकली फंक्शन) ठेवून मुद्दाम इंटिग्रिटी एरर फेकायचा, आणि गोळा झालेल्या फंक्शन्सची यादी रिकामी आहे हे पाहायचं. टेस्टकेसच्या आत व्ह्यूची ट्रान्झॅक्शन सेव्हपॉइंट, म्हणजे मोठ्या ट्रान्झॅक्शनमधला परत फिरण्याचा टप्पा, बनते. तो सेव्हपॉइंट उलटला की त्यात नोंदवलेली ऑन_कमिट फंक्शन्सही जातात, त्यामुळे इथे खरं कमिट लागत नाही. टेस्ट क्लायंट (टेस्टमधला नकली ब्राउझर) व्ह्यूमधली त्रुटी जशीच्या तशी वर फेकतो, म्हणून 'रेझ_रिक्वेस्ट_एक्सेप्शन' बंद करायला विसरू नये. आसनांची टक्कर वेगळी सोडवली: कार्यशाळेची ओळ 'सिलेक्ट_फॉर_अपडेट'नं आधी कुलूपबंद करून. त्याची एकच टेस्ट 'ट्रान्झॅक्शनटेस्टकेस'मध्ये (तो टेस्टला ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळत नाही) दोन थ्रेड्स घेऊन लिहिली. ती हळू चालते, तरी ठेवली.

मेलच्या आतलं कुणी पाहिलंच नव्हतं

या सगळ्यात एक छोटी तक्रार मागे पडली होती. काहींची नोंदणी आहे, मेलही आहे, पण लिंक चालत नाही. टीममध्ये कुणालाच ती चूक दिसेना. प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये लिंक व्यवस्थित उघडत होती.

मेल दोन रूपांत जात होता, 'ईमेलमल्टीअल्टरनेटिव्ह्ज' वापरून: साधा मजकूर आणि एचटीएमएल. बहुतेकजण एचटीएमएल पाहतात. तक्रार करणारे साधा मजकूर वाचत होते. जँगोचं टेंप्लेट इंजिन फाइलच्या नावाच्या शेवटी काय आहे हे न पाहता ऑटोएस्केप करतं, म्हणजे विशेष चिन्हं एचटीएमएलच्या सांकेतिक रूपात बदलतं, त्यामुळे साध्या मजकुराच्या टेंप्लेटमध्येही व्हेरिएबलमधून आलेल्या लिंकमधलं 'आणि'चं चिन्ह (&) फुटून त्याच्या जागी एचटीएमएलचं सांकेतिक रूप येत होतं. एचटीएमएलमध्ये ते रूप बरोबर, ब्राउझर ते परत उलगडतो. साध्या मजकुरात ते तसंच राहतं, आणि लिंकमधला दुसरा पॅरामीटर हरवतो. उपाय 'ऑटोएस्केप ऑफ' इतकाच, तोही फक्त साध्या मजकुराच्या टेंप्लेटमध्ये. एचटीएमएलमध्ये ते बंद करणं धोक्याचं.

जुनी टेस्ट फक्त मेलची संख्या मोजत होती. आता टेस्ट मेलच्या 'बॉडी'तून लिंक उचलते, ती टेस्ट क्लायंटनं उघडते आणि पान आलं का पाहते. एचटीएमएल भागासाठी तेच पुन्हा. लिंकमधलं डोमेनही वेगळं तपासते, कारण क्लायंट डोमेनकडे लक्ष देत नाही, आणि जँगोचं साइट्स फ्रेमवर्क वापरत असाल तर पहिल्या मायग्रेशनला (टेबलं तयार होताना) तिथे 'एक्झाम्पल डॉट कॉम' हे डोमेन भरलेलं असतं. मेलसाठी माझ्या मते सर्वांत मोलाची टेस्ट हीच: मेल मिळाल्यावर माणूस जे करणार, ते करून पाहणारी.

खऱ्या एसएमटीपीची तपासणी चाचणी सर्व्हरवर मेलपिटसारख्या साधनानं होते. ते मेल स्वीकारतं, पुढे पाठवत नाही आणि मूळ संदेश अक्षर न् अक्षर दाखवतं. पायथॉनमधला जुना एसएमटीपीडी मॉड्यूल 3.12 मध्ये काढला गेला. त्याची जागा एआयओएसएमटीपीडीनं घेतली आहे. 'सेंडटेस्टईमेल' ही जँगोची आज्ञा सेटिंग्ज बरोबर आहेत का एवढंच सांगते, पण प्रत्येक डिप्लॉयनंतर तेवढं कळणंही उपयोगाचं आहे.

उरलेली फट

ऑन_कमिटनंतरही एक फट राहते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कमिट झालं, आणि क्रमांक रांगेत टाकण्याआधीच प्रोसेस मेली, तर मेल कायमचा हरवला. रांगेचा ब्रोकर (रांग सांभाळणारी सेवा) बंद असेल तर आणखी वाईट: ऑन_कमिटमधलं फंक्शन त्रुटी फेकतं, नोंदणी झालेली असूनही माणसाला त्रुटीचं पान दिसतं, आणि तो पुन्हा फॉर्म भरतो. 4.2 आवृत्तीपासून ऑन_कमिटला 'रोबस्ट=ट्रू' देता येतं; मग त्रुटी लॉगमध्ये जाते आणि विनंती सुखरूप पूर्ण होते. मेल मात्र तरीही जात नाही.

म्हणून शेवटी मेलचंही टेबल झालं. नोंदणी लिहिताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'हा मेल पाठवायचा आहे' अशी एक ओळ लिहायची. दोन्ही नोंदी एकत्र टिकतात किंवा एकत्र जातात. वेगळा वर्कर थोड्या थोड्या वेळानं न पाठवलेल्या ओळी उचलतो, 'स्किप_लॉक्ड'सह (कुलूप लागलेल्या ओळी वगळून), म्हणजे दोन वर्कर एकाच ओळीवर आदळत नाहीत. मेल पाठवतो आणि वेळ नोंदवतो. ऑन_कमिट उरलं ते या वर्करला 'लगेच बघ' असं सुचवण्यापुरतं.

याची किंमत आहे: क्वचित एखादा मेल दोनदा जाईल. समोरच्या सर्व्हरनं मेल घेतला, पण त्याचं 250 आपल्यापर्यंत पोचण्याआधी जोडणी तुटली, तर आपण पुन्हा पाठवणार. ही अडचण एसएमटीपीइतकीच जुनी. 1988 सालचा आरएफसी 1047 (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) तिच्यावरच आहे. टीमनं मेसेज-आयडी (मेलची ओळखखूण) ओळीसोबतच ठरवून ठेवला, म्हणजे दुसऱ्यांदा गेलेल्या मेलवरही तोच राहतो आणि लॉगमध्ये जोडी ओळखता येते. पक्क्या नोंदणीचा मेल दोनदा आला तर कुणाचं बिघडत नाही. न आला तर बिघडतं.

राहिले ते लोक, ज्यांना नसलेल्या जागेचा मेल गेला होता. त्यांची नोंद डेटाबेसमध्ये कुठेच नव्हती. रोलबॅकनं त्यांची नावं आणि पत्तेही नेले होते. ते सापडले मेलसेवेच्या लॉगमध्ये. पाठवलेल्या पत्त्यांची यादी नोंदणीच्या टेबलशी ताडून पाहिली, जे जुळले नाहीत ते बाजूला काढले, त्यातले ज्यांनी नंतर पुन्हा फॉर्म भरून जागा मिळवली होती ते वगळले. उरलेल्यांना व्यवस्थापकांनी काय झालं ते स्पष्ट लिहून कळवलं, आणि ज्या कार्यशाळा अजून व्हायच्या होत्या त्यांत जागा वाढवून त्यांना सामावून घेतलं. सेवेचा लॉग जितका मागे जात होता तितकंच हे करता आलं. नव्या टेबलमधल्या ओळी ठरावीक मुदतीनंतर खोडायच्या होत्या. ती मुदत शेवटची कार्यशाळा होऊन जाईपर्यंतची ठेवली.